नाव आणि मजुरी

1564 साली जॉन हॉकिन्स हा इंग्रज दर्यावर्दी प्लिमथच्या बंदरातून आपल्या दुसऱ्या मोठ्या सफरीवर निघाला. त्याचे मुख्य जहाज सुमारे सातशे टनांचे होते. ते जुने आणि अवजड होते, पण होते खुद्द राणीचे. एलिझाबेथ राणीने ते या सफरीसाठी त्याला दिले आणि नफ्यात आपला वाटा ठेवला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॉकिन्सने शेकडो माणसे धरली, काही विकत घेतली, आणि अटलांटिक ओलांडून स्पॅनिश वसाहतींत नेऊन विकली. सफर फायद्याची ठरली. 1565 साली त्याला मिळालेल्या कुलचिन्हाच्या शिरोभागी दोरीने बांधलेला एक आफ्रिकी माणूस कोरलेला होता. हॉकिन्सच्या जहाजांवर रोज उपासना होत असे, कारण खलाशांनी दररोज देवाची सेवा करावी असा त्याचा लेखी हुकूमच होता. त्या जहाजाचे नाव होते ‘जीझस ऑफ ल्यूबेक’.

हे नाव हॉकिन्सने ठेवलेले नव्हते. आठव्या हेन्रीच्या काळात जर्मन व्यापाऱ्यांकडून जहाज विकत घेतले तेव्हापासूनच ते त्याला चिकटलेले होते. पण ते बदलावे असे कोणालाही वाटले नाही, आणि विचार करण्यासारखी गोष्ट हीच आहे. त्या जहाजावर एखाद्या खलाशाने रागाच्या भरात प्रभूचे नाव घेऊन शिवी हासडली असती, तर त्याला शिक्षा झाली असती. खाली जहाजाच्या तळात माणसे कोंबलेली होती, आणि त्याबद्दल देवाच्या नावाचा अवमान झाला असे कोणीही नोंदवले नाही.

दहा आज्ञांपैकी जी आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको म्हणून सांगते, ती बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळी तिसरी मोजतात आणि कॅथलिक दुसरी. क्रमांक कोणताही असो, ख्रिस्ती घरांत लहानपणी तिचा एकच अर्थ मनावर ठसवला जातो. आणाभाका घेऊ नयेत, खोट्या शपथा घेऊ नयेत, चिडल्यावर किंवा दचकल्यावर देवाला तोंडात आणू नये. हा अर्थ चुकीचा नाही. ज्यू परंपरेत तर या धाकापोटी देवाचे खरे नाव उच्चारणेच थांबले. यरुशलेमच्या मंदिराच्या काळात वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक ते उच्चारी. आजही शास्त्र वाचताना ते नाव आले की वाचक त्याजागी दुसरा शब्द म्हणतो. इतका आदर जगातल्या थोड्याच गोष्टींच्या वाट्याला आला असेल.

पण त्याच ज्यू शास्त्रातला लेवीय ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय उघडून बाराव्या आणि तेराव्या ओवीवर बोट ठेवावे. बाराव्या ओवीत माझ्या नावाने खोटी शपथ घेऊन ते नाव बाटवू नका अशी आज्ञा आहे. तिच्याला लागूनच तेरावी सांगते की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका, ती सकाळपर्यंत थांबता कामा नये. मधे नवा विषय सुरू होत नाही, नवा मथळा येत नाही. पुढे याच अध्यायात बहिऱ्याला शाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, आणि शेवटाकडे वजने-मापे, तराजू खरे असू द्या असे येते. देवाचे नाव आणि मजुराचा रोज एकाच श्वासात सांगितले आहेत. आजच्या विषयाचे मर्म या शेजारात आहे. ज्याच्या हाती दुसऱ्यावर सत्ता आहे, मग तो मालक असो, सासू असो, विश्वस्त असो की धर्मगुरू, तो त्या सत्तेचे काय करतो यावर देवाचे नाव जपले गेले की विटाळले गेले हे ठरते. ओठांचा हिशेब त्यानंतर येतो.

ओठांचा हिशेब क्षुल्लक आहे असे मात्र कोणी समजू नये. गोव्यात आणि वसईत कॅथलिक घरांमध्ये संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते. ती संपली की मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागतात, बेसांव मागतात. गोव्यात कोणी काही दिले, केले की ‘देव बरें करूं’ असे म्हटले जाते. देवाचे नाव असे दिवसाच्या कडेकोपऱ्यात मुरवून ठेवणे ही मोठी शिकवण आहे. पाचूबंदर, उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या होड्यांवर नाळेपाशी संतांची, मरियेची, प्रभूची नावे रंगवलेली दिसतात. समुद्रात जाणाऱ्या माणसाच्या भीतीतून आणि भरवशातून ती आलेली असतात, त्यांच्याविषयी आदरच वाटला पाहिजे. प्रश्न त्यापुढचा आहे. जपमाळ चालू असताना घरात काम करणारी बाई कुठे असते? तिचा महिन्याचा पगार ठरल्या तारखेला होतो का? होडीवर ज्याचे नाव आहे त्याच्या साक्षीने खलाशांच्या वाट्याची वाटणी सरळ होते का? लेवीय ग्रंथाने बाराव्या ओवीला तेरावी जोडून हेच विचारले आहे.

येशूच्या शिकवणीत ही गोष्ट आणखी धारदार झाली. डोंगरावरच्या प्रवचनात त्याने शपथच घेऊ नका असे सांगितले. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही, एवढे पुरे. ही ओळ शब्दशः जगणारे लोक सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाले, ते क्वेकर. राजनिष्ठेची शपथ देवाच्या नावाने घ्या, असे न्यायाधीश सांगत, आणि हे लोक नम्रपणे पण ठामपणे नकार देत. आम्ही राजाचे वैरी नाही, आम्ही खरेच बोलतो, पण शपथ घेणार नाही, असे त्यांचे म्हणणे असे. 1662 साली शपथ नाकारणे हा गुन्हा ठरवणारा कायदा त्यांच्याविरुद्ध झाला. 1664 साली मार्गारेट फेल या क्वेकर बाईला याच कारणासाठी जन्मठेप आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली. ती चार वर्षांनी सुटली. हजारो माणसे तुरुंगात गेली, अनेक तिथेच मेली.

पुढे जे घडले ते या इतिहासातले फार अर्थपूर्ण पान आहे. 1696 साली पार्लमेंटने शपथेऐवजी नुसते गंभीर कथन चालेल अशी सवलत दिली. पण त्या कथनाच्या मसुद्यात सर्वसमर्थ देवाच्या समक्षतेचा उल्लेख होता. क्वेकरांमध्येच तट पडले. काहींना ते पटले. इतरांना वाटले, ही शपथच आहे, फक्त वेगळ्या कपड्यांत. वाद पाव शतक चालला आणि 1722 साली देवाच्या नावावाचून कथन करण्याची मुभा मिळाली तेव्हाच मिटला. देवाच्या नावासाठी तुरुंगात गेलेल्या लोकांनी ते नाव कागदावरून काढून टाकण्यासाठी झगडावे, हे वरवर उलटे वाटेल. त्यांचा विचार मात्र स्वच्छ होता. जो माणूस एरवी खोटे बोलू शकतो आणि फक्त शपथेवर खरे बोलतो, त्याने देवाला जामीन म्हणून बाजारात उभे केले आहे. आज भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असे दोन्ही पर्याय आहेत, आणि 1969 च्या शपथ अधिनियमानेही साक्षीदाराला दृढकथनाची मोकळीक दिली आहे. या पर्यायामागे श्रद्धाहीनांचा जितका आग्रह आहे, तितकाच अशा श्रद्धावंतांचाही आहे.

क्वेकरांनी हीच शिस्त दुकानात नेली. त्या काळी इंग्लंडच्या बाजारात भाव सांगायचा एक, अपेक्षा धरायची दुसरी आणि सौदा व्हायचा तिसऱ्यावर. क्वेकर दुकानदार एकच भाव सांगत. सुरुवातीला गिऱ्हाईक तुटले. घासाघीस न करणारा दुकानदार म्हणजे घमेंडखोर, असे लोकांना वाटे. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आले की इथे लहान मूल पाठवले तरी ते फसत नाही, आणि दुकाने भरू लागली. त्यांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने आपल्या रोजनिशीत हा बदल लिहून ठेवला आहे. कॅडबरी, फ्राय, राउंट्री ही चॉकलेटची घराणी, बार्कले आणि लॉइड ही बँकेची घराणी याच समाजातून आली.

कॅडबरींचे नाव आले म्हणजे त्यांची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तीत धडा अधिक आहे. बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिल येथे त्यांनी कामगारांसाठी बागा, घरे, शाळा उभारल्या. गुलामगिरीविरोधी चळवळीला देणग्या दिल्या. 1901 साली विल्यम कॅडबरी यांच्या हाती साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरच्या एका मळ्याच्या विक्रीची माहिती आली. जमीन, जनावरे आणि इमारतींबरोबर तीत मजूरही मालमत्ता म्हणून मोजले होते. कंपनी त्याच बेटावरून मोठ्या प्रमाणात कोको घेत होती. पुढे काय करायचे? त्यांनी चौकशी सुरू केली, पोर्तुगालकडे तक्रारी केल्या, सरकारशी बोलणी केली, 1905 साली जोसेफ बर्ट यांना पाहणीसाठी पाठवले. हे सगळे प्रामाणिकपणे झाले. पण या काळात खरेदी चालूच राहिली. ती थांबली 1909 साली.

‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने यावर बोचरा अग्रलेख लिहिला तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. वृत्तपत्राचे वकील एडवर्ड कार्सन यांनी विल्यम कॅडबरी यांना उलटतपासणीत विचारले की, या आठ वर्षांत कोको पिकवताना किती गुलाम मेले याचा आपण कधी अंदाज केला का. त्यांना नाही म्हणावे लागले. ज्यूरींनी निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे त्या काळातले सर्वात लहान नाणे. हे लोक ढोंगी नव्हते. बेइमान माणसाने नाव विटाळले तर ते समजायला सोपे असते. इथे देवभीरू, उदार, विचारी माणसांची आठ वर्षे योग्य वेळेची वाट पाहण्यात गेली, आणि त्या वाट पाहण्याचा खर्च दुसऱ्यांनी भरला. मजुरी सकाळपर्यंत थांबवू नका या आज्ञेत घाईचा जो सूर आहे, तो किती नेमका आहे हे इथे कळते.

चर्चच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे देवाचे नाव आणि संस्थेचे नाव यांची गल्लत सहज होते. 2009 साली आयर्लंडमध्ये डब्लिनच्या धर्मप्रांताबद्दल मर्फी आयोगाचा अहवाल आला. 1975 ते 2004 या काळात धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या तक्रारी कशा हाताळल्या गेल्या, हे त्यात तपासले होते. अधिकाऱ्यांची पहिली काळजी गुप्तता, बदनामी टाळणे, चर्चची प्रतिष्ठा आणि मालमत्ता जपणे ही होती, आणि मुले मागे पडली, असा निष्कर्ष त्यात आहे. ज्यांनी हे झाकले त्यांच्यापैकी अनेकांना आपण देवाचे घर राखतो आहोत असेच वाटले असणार. पण यहेज्केल संदेष्ट्याने फार पूर्वी सांगितले आणि पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पुन्हा म्हटले, की परराष्ट्रीयांमध्ये देवाच्या नावाची निंदा होते ती देवाच्याच लोकांमुळे. म्हणजे निंदा करणाऱ्या बाहेरच्या माणसाला गप्प करून काही साधत नाही. संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी एका मुलाला खोटे पाडले, तर त्या दिवशी आज्ञा मोडली गेली, मग त्या संध्याकाळी मिस्सा कितीही भक्तिभावाने होवो.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना दोन बायका आठवल्यावाचून राहत नाहीत.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार उन्मळून पडला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे सोडले नाही. त्यांची चूल, पाणी सगळे वेगळे असे. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जातपात माणसाने केली, देवाने नाही, हे आपल्याला कसे उमगले आणि मग कोणाच्याही हातचे खायला मन कसे तयार झाले, ते ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतः सांगितले आहे. 1934 पासून भागाभागाने निघालेल्या या आत्मचरित्रात धर्मशास्त्राची चर्चा थोडी आणि पाण्याच्या भांड्यांची, शिजवण्याची, घरात आलेल्या पोराबाळांची हकीकत फार. म्हणूनच ते आजच्या विषयासाठी मोलाचे आहे. देवाला सर्वांचा बाप म्हणणारी प्रार्थना येशूने शिकवली, आणि तिची पहिली मागणी भाकरीची नसून त्या बापाचे नाव पवित्र मानले जावे ही आहे. ती प्रार्थना म्हणून उठायचे आणि पाण्याचा माठ जातीने वेगळा ठेवायचा, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत. लक्ष्मीबाईंनी त्या नांदू दिल्या नाहीत, आणि हे त्यांना सोपे गेले असे कुठेही भासवले नाही.

भारतातल्या सगळ्या मंडळ्यांना हे साधलेले नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती लोकांची थडगी भिंतीने वेगळी केलेली होती आणि तिच्याविरुद्ध आंदोलने करावी लागली. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या क्रुसांवर नाव एकाचेच होते. गिरजाघरात, वधूवर पाहताना, मंडळीच्या निवडणुकीत जात विचारली जाते तिथे तिथे ही भिंत उभी असते, महाराष्ट्र त्याला अपवाद आहे असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनींच्या मठात त्या राहत तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचण्यासारखा आहे. रमाबाई मांसाहार करीत नसत, लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालायला त्यांनी नकार दिला, आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करणार नाही असे स्पष्ट कळवले. सिस्टरना यात अहंकार दिसला. आज वाचताना दिसते ते असे, की प्रभूचे नाव आणि इंग्लंडचे नाव एक नाही हे या पंचविशीतल्या विधवेने तेव्हाच ओळखले होते.

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात नेले. विधवांचे शिक्षण हा हेतू, आणि धर्माच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती नाही हे वचन. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणात टीकाकारांचे सगळेच खोटे होते असे नाही. परावलंबी मुलींच्या घरात संचालिकेने उघड प्रार्थना केली की तिचे वजन पडतेच, आणि सत्तेची ही बाजू रमाबाईंनी पुरेशी तोलली होती का, हा प्रश्न रास्त आहे. पण दार लावून घेऊन, देणगीदारांना आणि पुढाऱ्यांना खूश ठेवून त्या सदन वाचवू शकत होत्या, ते त्यांनी केले नाही. जे आहे ते उघड ठेवले आणि नुकसान सोसले.

चार वर्षांनी त्यांची खरी परीक्षा झाली. 1897 साली पुण्यात प्लेग पसरला होता. सरकार इंग्रजांचे, म्हणजे नावाने ख्रिस्ती. इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांना कसे वागवले जाते, त्यांच्या अब्रूचे काय होते, याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिले. त्यांच्याच आश्रयातल्या एका मुलीची दुर्दशा झाली होती. त्यांची संस्था परदेशी ख्रिस्ती देणग्यांवर चालत होती, आणि पुण्यातला मोठा वर्ग आधीच त्यांच्या विरोधात होता. गप्प राहण्याची सगळी कारणे हाताशी होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांची विधाने अत्यंत चुकीची ठरवली. रमाबाई मागे हटल्या नाहीत. इंग्रज सरकारच्या नावापेक्षा वरचे एक नाव आपण घेतो, एवढे त्यांना पुरेसे होते.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी आधी घेतलेल्या शेतजमिनीवर ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमाचे काम उभे राहिले. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ‘कृपा सदन’ फसवल्या गेलेल्या बायकांसाठी होते, ‘प्रीती सदन’ म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी, ‘बार्तीमी सदन’ आंधळ्या बायकांसाठी, आणि त्यांना रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. हातमाग, तेलघाणी, शेती, दूध, छापखाना, जिला जे जमेल ते काम. पाहुण्यांना दाखवायच्या प्रार्थनांपेक्षा इथे कोण काय शिकली आणि आपल्या पायांवर कशी उभी राहिली, याची काळजी मोठी होती.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. कमी शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावे हा त्यांचा हट्ट होता. 1921 साली मनोरमाबाई गेल्या, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. 1924 साली ते बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले, खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतचे काम तिथल्याच बायकांनी केले होते. त्यांच्यापैकी अनेकींना आणले तेव्हा अक्षरओळख नव्हती. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायाचे खिळे, बाराव्या ओवीचे आणि तिच्या शेजारच्या तेराव्या ओवीचे, त्यांनीच हाताने ओळीत बसवले.